रजेवरच्या बाईंच्या नऊ सह्या

शनिवारी सकाळी फोन आला तेव्हा मी बडोद्यात मांजलपूरच्या बाजारात वालपापडी निवडत होते. रविवारी उंधियू करायचा होता. एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन, आणि नमस्कार वगैरे काही न म्हणता पलीकडून प्रश्न आला.

"मंगळवारी मी कुठे होते?"

आवाज ओळखीचा होता. नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. कारखान्यात त्यांना सगळे बेन म्हणतात. मी बाई म्हणते, कारण आम्ही दोघी बडोद्यातल्या मराठी घरांतल्या आणि एकमेकींशी मराठीत बोलायची संधी सोडत नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत आमचं सॉफ्टवेअर चालतं. आमचं म्हणजे मी, माझे गुजराती भागीदार आणि चार इंजिनीअर एवढ्या कंपनीचं.

"मला कसं माहीत असणार, बाई?"

"पादरा गावी होते. भाच्याच्या साखरपुड्याला. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत. शंभर माणसांनी बघितलंय. आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय की त्याच दिवशी मी इथे बसून नऊ सर्टिफिकिटांवर सह्या केल्या."

"तुमचा पिन कुणाला फोनवरून…"

"हे बघ. साहेबांनी काल हेच विचारलं. तूही विचारणार असशील तर मी फोन ठेवते."

मी पापडी तशीच ठेवली. पापडीवाली म्हणाली, "लेवानी नथी तो हाथ शुं काम लगाड्यो?" घ्यायची नाही तर हात कशाला लावला, हा प्रश्न योग्यच होता. मी पाव किलो घेतली आणि बाजूला जाऊन सगळं नीट ऐकलं.

झालं होतं ते असं. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक मालाबरोबर एक तपासणीचं सर्टिफिकेट जातं. शुद्धता किती, ओलावा किती, रंग कसा. ज्या केमिस्टने तपासलं त्याने सही करायची. सही झाल्याशिवाय ट्रक गेटबाहेर पडत नाही. पूर्वी ही सही पेनाने व्हायची. आता टोकनने होते. टोकन म्हणजे पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू. तिच्या आत त्या माणसाची गुप्त किल्ली असते, जी कधीच बाहेर येत नाही. पिन टाकला की टोकन सही करून देतं, आणि सहीवर टोकनाच्या मालकाचं नाव आपोआप उमटतं. ते नाव कुणी टाइप करू शकत नाही. म्हणूनच त्या सहीला किंमत.

परदेशातल्या एका ग्राहकाचा माणूस शुक्रवारी कागदपत्रं तपासायला आला होता. त्याला नऊ सर्टिफिकिटं अशी सापडली, ज्यांवर 'तपासणारा' म्हणून एका केमिस्टचं नाव होतं आणि खाली सही बाईंची. त्याने हजेरी मागवली. बाई रजेवर.

साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापकांनी, संध्याकाळी बाईंच्या हातात मेमो दिला. बुधवारपर्यंत लेखी खुलासा द्या. पिन दुसऱ्याला दिल्याचं ठरलं तर सहीचा अधिकार काढून घेतला जाईल आणि तशी नोंद सेवापुस्तकात होईल. बाईंना निवृत्तीला चार महिने राहिले होते.

"चौतीस वर्षं," बाई म्हणाल्या. "न बघितलेल्या आकड्याखाली मी कधी सही केली नाही. एकदा तर जनरल मॅनेजर समोर उभा होता, तरी नाही केली. आणि आता तुमच्या डब्याने माझ्या नावावर नऊ केल्या."

"सोमवारी येते," मी म्हटलं.

"ये. आणि येताना खरं घेऊन ये."

घरी येऊन मी पापडी सोलायला घेतली आणि डोक्यात प्रोग्रॅम उघडला. माझा नवरा रिफायनरीत आहे. त्याला गप्प बायको समोर असली की भीती वाटते. त्याने दोनदा चहा केला. मी दोन्ही वेळा प्यायले आणि सोलत राहिले.

इथे थोडं कामाचं सांगावं लागेल. अवघड नाही.

कुठलाही शहाणा प्रोग्रॅम सहीचं किंवा कुलूपबंदीचं गणित स्वतः करत नाही. ते काम तो एखाद्या प्रोव्हायडरला सांगतो. प्रोव्हायडर म्हणजे हे गणित पुरवणारा कंत्राटदार समजा. प्रोग्रॅमजवळ अशा कंत्राटदारांची एक यादी असते, क्रम लावलेली. काम आलं की पहिल्याला विचारायचं, जमेल का? तो नाही म्हणाला तर दुसऱ्याला. जो पहिला हो म्हणेल, काम त्याचं. आमच्याकडे प्रत्येक केमिस्टचं टोकन हा एकेक प्रोव्हायडर होता. म्हणजे बाईंची सही हवी तर बाईंचा प्रोव्हायडर पुढे आणायचा, दुसऱ्याची हवी तर दुसऱ्याचा.

हा क्रम दोन ठिकाणी बदलता येतो. एक, सगळ्या प्रोग्रॅमसाठी. दोन, फक्त एका थ्रेडसाठी. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे अनेक हात. आमच्या प्रोग्रॅमला आठ होते. चार केमिस्ट एकाच वेळी बटण दाबोत, आठ हातांपैकी जो मोकळा असेल तो काम उचलतो, करतो, आणि परत रांगेत जाऊन उभा राहतो.

सगळ्या प्रोग्रॅमसाठी क्रम बदलला तर काय होतं, हे मला पक्कं माहीत होतं. दीड वर्षापूर्वी, प्रयोगशाळेत द्यायच्या आधी, आम्ही तसंच केलं होतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की एकाने पुढे आणलेला प्रोव्हायडर दुसरा मागे ढकलायचा, आणि सही भलत्याचीच. ते आमच्याच ऑफिसात, आमच्याच चाचणीत सापडलं. मग मी सगळं थ्रेडवर नेलं. ज्या हातात काम, त्याच हाताला प्रोव्हायडर. बाकीच्यांना पत्ताही नाही. मला त्या कामाचा अभिमान होता. नव्या इंजिनीअरांना मी ते उदाहरण म्हणून दाखवत असे. सगळ्या घरासाठी नियम बदलू नका, ज्याला गरज आहे त्याच्यापुरता बदला, असं वर एक वाक्यही ऐकवत असे.

म्हणून शनिवारी पापडी सोलताना माझं पहिलं मत काय झालं असेल? हेच की आपलं बरोबर आहे. बाईंनी कुणाला तरी पिन सांगितला असणार. साखरपुड्याच्या गडबडीत, ट्रक अडलाय म्हणून फोन आला असेल, आणि दिला असेल.

हे मी लपवत नाही. दोन दिवस मला तसंच वाटत होतं. उंधियू छान झाला होता.

सोमवारी भागीदारांच्या गाडीतून निघाले. ते मला बेन म्हणतात, मी त्यांना भाई. आमचं बोलणं गुजरातीत होतं. इथे मराठीत लिहिते.

"बेन, तिथे जाऊन लगेच काही कबूल करू नका," भाई म्हणाले.

"कबूल करण्यासारखं काही असलं तर ना."

"असलं तरी. आधी मला फोन."

"तुम्ही बाजूलाच बसला आहात."

"मी खाली उतरणार नाही. मला तो वास सहन होत नाही." नंदेसरीचा वास ज्याला माहीत आहे त्याने भाईंना दोष देऊ नये. त्यांनी मला गेटवर सोडलं आणि सेवउसळ खायला पळाले.

साहेब केबिनमध्ये होते. भला माणूस, पण प्रत्येक गोष्टीवर सगळ्यांसाठी एक नियम काढायची सवय. टोकनांचंच बघा. सुरुवातीला प्रत्येक केमिस्ट आपलं टोकन घरी न्यायचा. मग एकाचं टोकन पँटच्या खिशात राहिलं आणि वॉशिंग मशीनमधून निघालं. नवीन मिळेपर्यंत त्या माणसाच्या सह्या बंद, ट्रक खोळंबले. दुसऱ्या दिवशी साहेबांचा नियम: यापुढे चौघांची टोकनं साहेबांच्या केबिनमधल्या कपाटातच, सर्व्हरला लावलेली. किल्ली साहेबांकडे. सकाळी येऊन पिन टाकायचा, की पुढचे कित्येक तास, सर्व्हर बंद होईपर्यंत, टोकन जागं. एकाची पँट धुतली गेली आणि चौघांची टोकनं कपाटात गेली.

त्यामुळे बाई पादऱ्याला असताना त्यांचं टोकन नंदेसरीत होतं, आणि आदल्या दिवशी टाकलेल्या पिनने जागंही होतं. साहेबांच्या नियमाप्रमाणेच.

"मग पिन कुणाला सांगायची गरजच नव्हती," मी साहेबांना म्हटलं.

"तेच मी म्हणतो. कुणीतरी त्यांच्या नावाने आत शिरलं."

"नाही. त्यांच्या नावाने कुणीच आत शिरलेलं नाही. नोंद बघा." मी मंगळवारची नोंद उघडली होती. तीन केमिस्ट आपापल्या नावाने आत आले होते, आपापलं काम केलं होतं, आपापलं बटण दाबलं होतं. सत्तरएक सर्टिफिकिटं. त्यातल्या नऊंवरच बाईंची सही. तीन वेगवेगळ्या माणसांच्या कामावर, सगळ्या दिवसभर पसरलेली.

साहेबांना यात काही दिसलं नाही. मला दिसलं. पहिली सही पाचव्या सर्टिफिकिटावर. पुढची तेराव्यावर. मग एकविसाव्या. मग एकोणतिसाव्या.

आठचा पाढा मला दुसरीपासून येतो. आठ हात. त्यातल्या एका हाताला बाईंचा प्रोव्हायडर चिकटून राहिला होता, आणि त्या हाताची पाळी आली की सही बाईंची. मंगळवारी रात्री सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला होता, म्हणून गोष्ट नवावर थांबली.

"साहेब," मी म्हटलं, "बाईंनी काही केलेलं नाही."

"हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"अर्ध्या तासात दाखवते. मला प्रयोगशाळेत जाऊ द्या."

बाई पांढऱ्या कोटात बाकासमोर उभ्या होत्या. मी आले तरी वळल्या नाहीत. काचेच्या नळीतून थेंब पडत होते आणि त्या मोजत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "बोल."

"रजेच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, निघताना काही बिघडलं होतं का?"

"काही नाही."

"आठवा ना. शेवटचं सर्टिफिकेट."

त्यांनी जरा विचार केला. "प्रिंटरमध्ये कागद अडकला. मला बसची घाई. मी परत बटण दाबलं, दुसऱ्यांदा आलं, घेतलं आणि निघाले. त्यात काय?"

त्यात सगळं होतं. सर्टिफिकिटाची एक प्रत कागदावर छापून ट्रकवाल्याच्या हातात द्यायची, ही मागणी साहेबांची, महिन्याभरापूर्वीची. आमच्या एका इंजिनीअरने ती सहीच्या पुढे जोडली होती आणि मी तपासून हो म्हटलं होतं. आता क्रम असा झाला होता: हाताला प्रोव्हायडर द्या, सही करा, कागद छापा, प्रोव्हायडर काढून घ्या. कागद अडकला की तिसऱ्या पायरीवर काम मोडायचं, आणि चौथी पायरी कधीच यायची नाही. तो हात बाईंचा प्रोव्हायडर घेऊन तसाच रांगेत जाऊन उभा राहायचा.

एवढ्याने मात्र काही बिघडलं नसतं. पुढच्या कामाच्या वेळी नवा प्रोव्हायडर दिला की जुना गेला असता. पण तिथे माझी एक ओळ होती. माझी स्वतःची, कुणा इंजिनीअरची नव्हे. गेटवर ट्रक थांबतात, सही व्हायला वेळ लागतो अशी साहेबांची तक्रार होती, म्हणून मी लिहिलं होतं: हातात आधीच प्रोव्हायडर असेल तर पुन्हा देऊ नका. वाचायचा किती वेळ? साधारण एक जांभई.

मी बाईंना हे सांगितलं. प्रोव्हायडर, थ्रेड, आठ हात, कागद, माझी ओळ. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग बाकावरची काचेची नळी उचलून माझ्या नाकासमोर धरली.

"ही काय आहे?"

"पिपेट."

"हिच्यात मी आत्ता आम्ल घेतलं होतं. काम झालं. आता काय करते?"

"धुता."

"धुते आणि ठेवते. उद्या सकाळी दुसरा केमिस्ट हीच पिपेट उचलेल. तो काय करेल?"

"वापरेल."

"धुवेल!" बाई जवळजवळ ओरडल्या. बाजूचा केमिस्ट हसला. "मी धुऊन ठेवली आहे हे त्याला माहीत असलं तरी धुवेल. आणि ज्या द्रावणाचं काम आहे त्यानेच एकदा खळखळून काढेल. कारण मी घाईत असेन, मला बस पकडायची असेल, माझ्या भाच्याचा साखरपुडा असेल. वापरून झाल्यावर धुवायची ती दुसऱ्यासाठी, आणि वापरण्याआधी धुवायची ती स्वतःसाठी. हे आम्ही बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. तुमच्यात शिकवत नाहीत?"

"शिकवतात."

"मग?"

"मला वेळ वाचवायचा होता."

"किती वाचला?"

 बाजूच्या केमिस्टने माझ्या वतीने उत्तर दिलं. "बेन, नऊ सह्यांएवढा."

साहेबांना मी प्रयोगच करून दाखवला. आधी बाईंना एक खोटं सर्टिफिकेट करायला सांगितलं आणि बटण दाबायच्या आधी प्रिंटरचा ट्रे बाहेर ओढून ठेवला. काम मोडलं. ट्रे आत टाकला. मग दुसऱ्या केमिस्टला त्याच्या नावाने एकापाठोपाठ आठ खोटी सर्टिफिकिटं करायला लावली. साहेब, बाई, मी आणि उरलेले दोन केमिस्ट, सगळे प्रिंटरभोवती. पहिलं आलं, त्याचीच सही. दुसरं, त्याचीच. पाचवं, सहावं.

"नथी आवती," साहेब म्हणाले. येत नाही.

"थांबा."

सातवं, त्याचंच. आठव्यावर बाईंचं नाव. सगळे एकदम बोलायला लागले. क्रिकेटमध्ये कोणी बाद झाल्यासारखा आवाज झाला, आणि शेजारच्या खोलीतून कोणीतरी काय झालं म्हणून डोकावलं. बाईंनी तो कागद उचलला, उजेडात धरला, आणि साहेबांना म्हणाल्या, "बघा, मी तुमच्या बाजूला हात बांधून उभी आहे."

साहेबांनी खरंच त्यांच्या हातांकडे बघितलं.

दुरुस्ती छोटी होती. काम मोडलं तरी, कागद अडकला तरी, वीज जाणं सोडून काहीही झालं तरी प्रोव्हायडर काढूनच हात रांगेत जाईल, अशी केली. आणि माझी ती वेळ वाचवणारी ओळ पुसली: हातात काही असो नसो, काम सुरू करताना जुनं फेकायचं आणि ज्याचं काम त्याचाच द्यायचा. तिसरी गोष्ट बाईंच्या हट्टावरून. सही झाली की तिच्यावर उमटलेलं नाव आणि बटण दाबणाऱ्याचं नाव ताडून बघायचं. जुळलं नाही तर सर्टिफिकेट बाहेर पडणार नाही.

"हे तर आधीच असायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

हवं होतं. टोकनवर भरवसा होता म्हणून मी टाकलं नव्हतं. टोकनाने कधीच चूक केली नव्हती; त्याला चुकीच्या वेळी सही करायला सांगणारी मी होते.

मग मी एक गोष्ट केली जिच्यामुळे भाई अजून अधूनमधून टोमणा मारतात. छपाई सुरू झाल्यापासूनच्या महिन्यातल्या सगळ्या नोंदी काढल्या आणि दोन्ही नावं ताडली. आणखी दोन सर्टिफिकिटं निघाली. त्यात बाई नव्हत्याच. एका केमिस्टच्या कामावर दुसऱ्याची सही होती. दोघेही हजर होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गेटजवळ गाडीत बसल्यावर भाईंना सांगितलं. त्यांच्या शर्टावर उसळीचा डाग होता.

"नऊबद्दल विचारलंय ना त्यांनी? मग नऊबद्दल लिहू. दोनाबद्दल कोण विचारतंय? जवा दो ने, बेन." सोडून द्या.

"आणि नऊबद्दल काय लिहिणार?"

"काही तांत्रिक कारणामुळे सह्यांमध्ये विसंगती आढळली. ती दूर करण्यात आली आहे."

"यातून बाईंनी पिन दिला नव्हता हे कुठे कळतं?"

"कळतं की. तांत्रिक म्हटलं म्हणजे…"

"भाई, तांत्रिक म्हटलं म्हणजे काहीही. त्यांच्या सेवापुस्तकात मेमो राहील आणि शेजारी आपलं तांत्रिक राहील. वाचणारा म्हणेल, झालं असेल दोन्ही थोडं थोडं."

"कंत्राट जाईल, बेन."

"जाऊ दे."

हे मी शूरपणाने म्हटलं असं कुणी समजू नये. हिशेब साधा होता. लपवलेली दोन सर्टिफिकिटं त्या परदेशी माणसाला पुढच्या खेपेला सापडली असती, आणि मग कंत्राट नक्की गेलं असतं. आता सांगितलं तर जाण्याची शक्यता होती, एवढंच. आणि बाईंना चारच महिने होते, आम्हाला दुसरं कंत्राट बघता आलं असतं.

भाईंनी गाडी छाणी गावापर्यंत आणली. मग म्हणाले, "पत्र तुम्हीच लिहा. मी खाली सही करतो. पण आधी वाचून."

मंगळवारी पत्राचा मसुदा घेऊन मी बाईंकडे गेले. ज्यांच्या नावाचा प्रश्न, त्यांनी आधी बघावं. त्यांनी चष्मा बदलला, लाल पेन घेतलं आणि माझ्या दीड पानाची परीक्षा सुरू केली.

"'सदर प्रकारात प्रयोगशाळा प्रमुखांचा दोष असल्याचे दिसत नाही.' दिसत नाही म्हणजे? अंधार आहे का? 'दोष नाही' लिही."

"बरं."

"'सॉफ्टवेअरमधील त्रुटीमुळे.' कुणाच्या?"

"आमच्या."

"मग 'आमच्या' लिही. सॉफ्टवेअर काय झाडाला लागतं?"

मी लिहिलं. शेवटी पत्रात जे राहिलं ते असं: आमच्या सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे एका कामानंतर थ्रेडवर राहून गेलेला प्रोव्हायडर पुढच्या कामांना वापरला गेला, त्यामुळे अकरा सर्टिफिकिटांवर चुकीच्या व्यक्तीची सही उमटली, या अकरांपैकी एकाही बाबतीत कुठल्याही केमिस्टने पिन दिलेला नाही आणि त्यांच्यापैकी कोणाचाही दोष नाही. नऊ कुठली, दोन कुठली, खाली तक्ता. सोबत आठव्या कागदाची प्रत.

'अकरा' वाचून बाई थांबल्या. "ही दोन कुठून आली?"

"मी शोधली."

"कुणी विचारलं होतं?"

"नाही."

त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. शाबासकी वगैरे दिली नाही, फक्त म्हणाल्या, "चहा घेशील?" प्रयोगशाळेत चहाला सक्त मनाई आहे, म्हणून आम्ही बाहेर पायरीवर जाऊन घेतला. पादऱ्याच्या साखरपुड्याचा व्हिडिओ दाखवला त्यांनी. बाई हिरव्या शालूत गरबा करत होत्या, आणि कोपऱ्यातल्या वेळेप्रमाणे नेमक्या त्याच मिनिटाला नंदेसरीत चौथी सही करत होत्या.

"हाच खुलासा म्हणून द्यायचा होता," मी म्हटलं.

"साहेबांना माझा गरबा? वेडी आहेस का?"

बुधवारी साहेबांनी मेमो मागे घेतला. कंत्राट गेलं नाही. अकरा मालांची सर्टिफिकिटं ज्याच्या त्याच्या सहीने पुन्हा काढली. परदेशी ग्राहकाने चार प्रश्न विचारले, आम्ही चार उत्तरं दिली, आणि भाईंनी वर्षभर दुरुस्तीचे पैसे न घेण्याचं कबूल केलं. ते त्यांना अजून बोचतं.

मेमो मागे घेतल्याचं पत्र साहेबांनी बाईंना ईमेलने पाठवलं, खाली स्वतःच्या टोकनची सही करून. आमच्याच सॉफ्टवेअरमधून. बाई ते छापून साहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेल्या. मी तिथेच होते, दुरुस्ती नीट चालते की नाही ते बघत.

"साहेब, इथे सही करा."

"बेन, सही आहे ना त्यावर."

"ती टोकनची. माझीही नऊ ठिकाणी होती." बाईंनी कोटाच्या खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं. "पेनाने. माझ्यासमोर."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सर्व्हरकडे बघितलं. त्यांनी पेनाने सही केली, तारीख घातली, आणि बाईंनी तो कागद सेवापुस्तकात मेमोच्या बरोबर वर लावून घेतला, म्हणजे उघडताना आधी तो दिसेल.

मग त्यांनी कपाटाची किल्ली मागितली. नियम सगळ्यांसाठी आहे, साहेब म्हणाले. असू दे सगळ्यांसाठी, बाई म्हणाल्या. मला माझ्यापुरता बदलून द्या. साहेबांनी दिला. बाईंनी आपलं टोकन काढलं, घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं, आणि त्या दिवसापासून सकाळी घेऊन यायच्या, संध्याकाळी घेऊन जायच्या.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ते साहेबांच्या टेबलावर आणून ठेवलं. चार महिन्यांत एकदाही धुतलं गेलं नव्हतं.